शेड आधी की घर आधी: नवापूर तालुक्यातील पोल्ट्री नकाशाच्या प्रकल्प नोंदी

७ ऑक्टोबर २०२४

कामाची हद्द ठरली. नंदुरबार जिल्ह्यातला संपूर्ण नवापूर तालुका, आणि त्याला लागून गुजरातच्या उच्छल तालुक्यातली १० किलोमीटरची पट्टी. ही पट्टी घ्यायचे कारण साधे आहे. बर्ड फ्लूचा निगराणी परीघ १० किलोमीटरचा असतो आणि तो राज्याची हद्द पाहून आखता येत नाही. नवापूरचे रेल्वे स्थानकच अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत आहे. अंडी, खाद्य आणि कोंबडखताच्या गाड्या रोज इकडून तिकडे जातात.

नवापूरच का, हेही नोंदवून ठेवतो. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लूचा (एच५एन१) उद्रेक इथेच निष्पन्न झाला. तेव्हा बाधित फार्मभोवतीच्या ३ किलोमीटरमधले पक्षी नष्ट करण्यात आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये रोग पुन्हा आला, तेव्हा नियमानुसार बाधित क्षेत्र १ किलोमीटरचे होते. परीघ ३ चा असो की १ चा, आत किती शेड येतात आणि किती घरे येतात हे आधी ठाऊक असावे लागते. विसाव्या पशुगणनेत (२०१९) महाराष्ट्रात ७ कोटी ४३ लाख कोंबड्या मोजल्या गेल्या. गणनेतून संख्या कळते. कोणते शेड कोणत्या ओढ्याच्या काठावर आहे हे तिच्यातून कळत नाही. ती माहिती कोणालाही पाहता, तपासता आणि दुरुस्त करता येईल अशा नकाशावर आणणे हे या प्रकल्पाचे काम.

१० ऑक्टोबर

मोजपट्टी आधी ठरवून घेतली. नकाशा झाल्यावर नियम शोधायला गेले की सगळे अंतर पुन्हा मोजावे लागते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोल्ट्रीविषयक मार्गदर्शक तत्त्वांतली अंतरे अशी: निवासी भागापासून ५०० मीटर, नदी, तलाव, कालवा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांपासून १०० मीटर, राष्ट्रीय महामार्गापासून १०० मीटर, राज्य महामार्गापासून ५० मीटर, गावरस्ता, पाणंद यांपासून १० ते १५ मीटर. शिवाय शेड स्वतःच्या आवाराच्या हद्दीपासून १० मीटर आत असावे, म्हणजे हवा खेळती राहते.

कन्सेंटची, म्हणजे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्राची, बाजू वेगळी आहे. २०१५ च्या तत्त्वांत १ लाखाहून जास्त पक्षी असलेल्या फार्मनाच कन्सेंट घ्यावा लागत होता. सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या सवलतीचा फेरविचार करायला सांगितले. त्यानंतरच्या तत्त्वांत ५,००० ते २५,००० पक्षी म्हणजे लहान फार्म, २५,००० ते १ लाख मध्यम आणि त्यापुढे मोठा अशी वर्गवारी आली. मध्यम आणि मोठ्या फार्मना राज्य मंडळाचा कन्सेंट लागतो.

आता खरी अडचण. अंतराचे निकष नव्याने उभ्या राहणाऱ्या फार्मना लागतात. म्हणजे शेड घरापासून ३०० मीटरवर आहे एवढे दाखवून काहीच सिद्ध होत नाही. समोरचा म्हणणार, आमचे शेड जुने आहे, घरे नंतर आली. नियमभंगाच्या बहुतेक तक्रारी इथेच गळतात. म्हणून या प्रकल्पात प्रत्येक शेडला जागेइतकेच महत्त्व तारखेला. तारीख नसलेला बहुभुज (नकाशावर काढलेली शेडची बाह्यरेषा) तक्रारीत जाणार नाही.

१५ ऑक्टोबर

संभाव्य शेडची पहिली चाळणी. ओव्हरपास टर्बोवरून (ओपनस्ट्रीटमॅपमधली माहिती शोधून उतरवायचे संकेतस्थळ) तालुक्यातल्या इमारती, रस्ते, पाणी आणि वस्तीचे बहुभुज उतरवले. ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे कोणालाही भर घालता येणारा खुला नकाशा. त्यात ग्रामीण इमारती विरळ आहेत, त्यामुळे गूगलच्या ओपन बिल्डिंग्ज संचाचा (उपग्रहचित्रांवरून यंत्राने काढलेल्या इमारतींच्या आकृत्या) आधार घेतला. त्याचा परवाना ओपनस्ट्रीटमॅपच्या ओडीबीएल या खुल्या परवान्याशी जुळतो.

या संचात लांब शेड सहसा सलग येत नाही. पत्र्यांचे रंग वेगळे असले, मध्ये दोन-चार पत्रे नवे घातलेले असले, की एका शेडचे तीन तुकडे होतात. उपाय: क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये ३ मीटरचा बफर (आकृती चहूबाजूंनी तेवढी फुगवणे), मग डिझॉल्व्ह (चिकटलेले तुकडे एक करणे), मग उणे ३ मीटरचा बफर. ३ पेक्षा जास्त घेतले तर शेजारशेजारची दोन शेड चिकटण्याची भीती वाढते.

पुढची पायरी ओरिएंटेड मिनिमम बाउंडिंग बॉक्स, म्हणजे आकृतीच्या दिशेने फिरवलेला, तिला घट्ट बसणारा आयत. त्यातून प्रत्येक आकृतीची रुंदी, लांबी आणि दिशा मिळते. चाळणी: रुंदी ८ ते १४ मीटर, लांबी किमान ३० मीटर, लांबी-रुंदीचे गुणोत्तर किमान ३.५. उघड्या बाजूंच्या शेडची रुंदी ३०-३५ फुटांच्या पुढे सहसा जात नाही, कारण त्याहून रुंद शेडमध्ये वारा मधोमध पोचत नाही. लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात, म्हणजे ऊन लांब बाजूने आत येत नाही. दिशेची अट मात्र चाळणीत घातली नाही. चिंचोळ्या गटात मालक जागेप्रमाणे शेड फिरवतो. दिशा फक्त गुण देण्यासाठी वापरायची, वगळण्यासाठी नाही.

वातानुकूलित शेडपैकी बरीच या चाळणीतून निसटतात. त्यांची रुंदी ४० ते ५० फूट असते. एका टोकाला मोठे पंखे, दुसऱ्या टोकाला पाण्याचे कूलिंग पॅड. त्यांच्यासाठी १२ ते १६ मीटर रुंदी आणि किमान ८० मीटर लांबी अशी दुसरी चाळणी लावली.

१९ ऑक्टोबर

चाळणीतून आलेली प्रत्येक आकृती माणसाने डोळ्यांनी पाहायची. यंत्राच्या यादीवर थेट विश्वास ठेवून एखाद्याच्या गोदामाला पोल्ट्री म्हणणे हा त्या माणसावर अन्याय, आणि त्यानंतर आपल्या उरलेल्या नकाशावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

काय काय फसवते: गोदाम, जिनिंगचे शेड, वीटभट्टीचे छप्पर, आश्रमशाळेची लांब इमारत, गुरांचा गोठा, सौर पॅनेलच्या रांगा. हीच चाळणी नाशिककडे वापरणाऱ्यांना कांदा चाळी लागतील आणि तासगावकडे बेदाण्याचे शेड. पॉलिहाऊस ओळखायला सोपे, त्याचे छत पांढुरके आणि कमानीचे.

शेड पोल्ट्रीचेच आहे याच्या खुणा छपरापेक्षा आजूबाजूला जास्त मिळतात. सारख्या लांबीची दोन किंवा अधिक शेड समांतर, मध्ये मोकळा पट्टा. टोकाला खाद्याचा सायलो (उभी गोल कोठी), त्याची गोल सावली सकाळच्या चित्रात स्पष्ट पडते. उंच पाण्याची टाकी. ट्रक वळेल एवढे आवार. अंड्याच्या फार्ममध्ये पिंजऱ्यांचे मजले खांबांवर उचललेले असतात, त्यामुळे शेड उंच आणि सावली रुंद. गोठ्याजवळ उकिरडा आणि कडब्याची गंजी दिसते, ती इथे नसते. यांपैकी किमान तीन खुणा दिसल्या तर ‘बहुधा’, प्रत्यक्ष पाहणी झाली तरच ‘निश्चित’.

२४ ऑक्टोबर

ओपनस्ट्रीटमॅपवर चढवायला सुरुवात. टॅग ठरवले ते असे: शेडच्या बहुभुजाला बिल्डिंग=फार्म_ऑक्झिलरी, आवाराला लँडयूज=फार्मयार्ड, सायलोला मॅन_मेड=सायलो. पाहणी झालेल्या ठिकाणी चेक_डेट. चित्र कोणते वापरले ते चेंजसेटच्या (एका वेळी चढवलेल्या बदलांच्या गठ्ठ्याच्या) सोर्समध्ये.

मालकाचे नाव, फोन, गट नंबर यांपैकी काहीही ओपनस्ट्रीटमॅपवर जाणार नाही. ‘नियमभंग’ असा कोणताही टॅगही नाही. सार्वजनिक नकाशावर फक्त जमिनीवर दिसणारी वस्तू. अंतर, तारीख, कन्सेंट, पत्रव्यवहार हे सगळे प्रकल्पाच्या वेगळ्या तक्त्यात, बहुभुजाच्या क्रमांकाने जोडलेले. दुसऱ्या मॅपरने बहुभुज नीट केला तरी क्रमांक तोच राहतो. पण कोणी तो पुसून नव्याने काढला तर क्रमांक बदलतो. म्हणून तक्त्यात मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांशही ठेवायचे.

गूगल मॅप, इस्रोचे भुवन, राज्याचा जमीन-गटांचा महाभूनकाशा यांवरून काहीही गिरवायचे नाही. पाहायला हरकत नाही, पण त्यांचा परवाना ओपनस्ट्रीटमॅपमध्ये माहिती उतरवू देत नाही. अशी नोंद सापडली की ओपनस्ट्रीटमॅपचा देखरेख गट, डेटा वर्किंग ग्रुप, तो भाग काढून टाकू शकतो, आणि तक्रारीला आधार म्हणून दाखवलेला नकाशा ऐन वेळी नाहीसा होतो. गिरवायला बिंग आणि एस्री यांची उपग्रहचित्रे. जेओएसएम या नकाशा-संपादकात बिंगच्या तुकड्यावर राइट क्लिक करून टाइलची माहिती उघडली की चित्र टिपल्याची तारीख मिळते. ती प्रत्येक वेळी लिहून घ्यायची.

बिंग आणि एस्रीची चित्रे एकमेकांपासून काही मीटर सरकलेली असतात. जीपीएस ट्रेसशी आणि महामार्गावरच्या पुलांच्या टोकांशी जुळवून ऑफसेट (चित्र किती सरकवायचे ते अंतर) ठरवला. डोंगराळ भागात एकाच ऑफसेटवर सगळा तालुका गिरवता येत नाही. दर चार-पाच किलोमीटरला पुन्हा जुळवणी.

४ नोव्हेंबर

तारखांचे काम सुरू. इथे घाई केली तर पुढचे सगळे वाया.

आधी एक गैरसमज बाजूला. ओव्हरपासमध्ये जुनी तारीख टाकून त्या दिवशीचा नकाशा मागवता येतो. त्यातून एवढेच कळते की ती वस्तू नकाशावर कधी आली. ती जमिनीवर कधी आली हे नाही. नकाशाचा इतिहास आणि जागेचा इतिहास यांची गल्लत झालेले एक जरी पान कागदपत्रांत गेले, तरी समोरचा वकील तेच पान उचलणार.

जागेच्या इतिहासासाठी सेंटिनेल-२. उपग्रहाची चित्रे २०१५ च्या उत्तरार्धापासून मिळतात, २०१७ पासून साधारण दर पाच दिवसांनी, आणि मोफत. एक पिक्सेल १० मीटरचा. ९ मीटर रुंदीचे शेड त्यात शेड म्हणून दिसत नाही, पण ९०-१०० मीटर लांबीवर एका ओळीत नऊ-दहा पिक्सेल बदललेले दिसतात. तेवढे पुरते.

चित्र कोणत्या महिन्याचे घ्यायचे यावर सगळे अवलंबून आहे. एप्रिल-मेमध्ये नांगरलेली कोरडी जमीन आणि पत्रे दोन्ही उजळ दिसतात, फरक कळत नाही. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ उत्तम. भात, तूर, कापूस उभे असतात, बांध हिरवे असतात, आणि त्यात छप्पर उठून दिसते. भाताची कापणी सुरू झाली की संधी गेली. या दिवसांत ढगांचा त्रास असतो, म्हणून एससीएल बँडने (प्रत्येक पिक्सेल ढग, सावली की जमीन हे सांगणारा थर) ढग आणि सावली वगळायची आणि दर वर्षी निदान दोन स्वच्छ चित्रे मिळवायची.

पद्धत: प्रत्येक शेडच्या बहुभुजात एनडीव्हीआयची, म्हणजे हिरवळीच्या निर्देशांकाची, सरासरी काढायची. शेडपासून ३० ते ६० मीटर अंतराच्या कड्यात तीच सरासरी काढायची. दोन्हींतला फरक वर्षागणिक मांडायचा. पाऊस कमी झाला तर शेड आणि कडे दोन्ही खाली येतात, फरक स्थिर राहतो. शेड उभे राहिले तर फरक एकदम वाढतो आणि पुढच्या ऑक्टोबरलाही तसाच राहतो. एक वर्ष वाढून परत भरून आला तर ती पडीक ठेवलेली जमीन किंवा तात्पुरते खळे.

७ नोव्हेंबर

सेंटिनेलमधला एक खड्डा, आवर्जून लिहून ठेवण्यासारखा. २५ जानेवारी २०२२ पासून प्रक्रियेची आवृत्ती बदलली आणि प्रत्येक पिक्सेलच्या मूल्यात १,००० मिळवले जाऊ लागले. एनडीव्हीआय गुणोत्तर आहे, त्यामुळे हे हजार वजा न करता काढले तर २०२१ च्या तुलनेत २०२२ मध्ये सगळ्या तालुक्याची हिरवळ अचानक कमी झाल्यासारखी दिसते. २०२२ मध्ये पोल्ट्री वाढल्या असा खोटा निष्कर्ष निघायला एवढे पुरे. एक तर हजार वजा करा, नाही तर नव्याने प्रक्रिया केलेला कलेक्शन-१ संच सगळ्या वर्षांसाठी वापरा.

सेंटिनेलने वर्ष सापडले की एस्रीच्या वेबॅक या जुन्या चित्रांच्या संग्रहातली स्पष्ट चित्रे पाहून खात्री करायची. तिथेही सावध. वेबॅकवर दिसणारी तारीख चित्र प्रकाशित झाल्याची असते. चित्र टिपल्याची तारीख त्याच्या आधीची, कधी दोन वर्षे आधीचीही. चित्रावर क्लिक करून मेटाडेटातली तारीख घ्यायची.

तक्त्यात दोन रकाने: ‘या तारखेला शेड नव्हते’ आणि ‘या तारखेला शेड होते’. बांधकाम या दोहोंच्या मधले. एकच तारीख लिहायचा मोह टाळायचा. मधली फट तीन महिन्यांची असो की चौदा महिन्यांची, ती दाखवलेली बरी. ज्या शेडचे ‘नव्हते’ हे चित्रच मिळत नाही, म्हणजे २०१५ पूर्वीची शेड, ती वेगळ्या यादीत.

१४ नोव्हेंबर

अंतर मोजणी. सगळे थर यूटीएम ४३ उत्तर या प्रक्षेपात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची, मीटरमध्ये मोजता येणारी रीत), म्हणजे ईपीएसजी ३२६४३. हे सांगायचे कारण, वेब मर्केटरमध्ये (इंटरनेटवरच्या नकाशांचा नेहमीचा प्रक्षेप) मोजलेली अंतरे प्रसारमाध्यमांकडे गेलेली पाहण्यात आहेत. नवापूर साधारण २१.२ अंश उत्तरेला आहे. तिथे वेब मर्केटर अंतर ७ टक्क्यांनी फुगवतो. त्यातला ५०० मीटरचा बफर जमिनीवर जेमतेम ४६६ मीटर भरतो. कडेवरची शेड त्यामुळे सुटतात.

अंतर शेडच्या कडेपासून, मध्यबिंदूपासून नव्हे. १०० मीटर लांबीच्या शेडचा मध्य धरला तर ५० मीटरपर्यंत चूक. चित्रात दिसते ती छपराची कड. भिंत त्याच्या एक-दीड मीटर आत असते, कारण पाऊस आत येऊ नये म्हणून पत्रे बाहेर काढलेले असतात. अंड्याच्या उंच शेडचे छप्पर तिरक्या चित्रात आणखी दोन-तीन मीटर सरकते. हे सगळे धरून ±१५ मीटरची अनिश्चितता ठरवली. ४८५ ते ५१५ मीटरमधले शेड ‘सीमेवर’ म्हणून नोंदवायचे, तक्रारीत घ्यायचे नाही. ठाम प्रकरणे हाती असताना वादग्रस्त शेड घुसवून पूर्ण यादी कमकुवत करण्यात काही अर्थ नाही.

नदीचे अंतर काठापासून मोजायचे. ओपनस्ट्रीटमॅपवर रंगावली नदी बऱ्याच ठिकाणी मधल्या रेषेनेच येते. शेडसमोरच्या भागात दोन्ही काठ गिरवून घेतले.

सर्वात किचकट गोष्ट म्हणजे ‘निवासी भाग’. नकाशावर गाव हा एक ठिपका असतो, तो बहुतेक वेळा गावठाणाच्या मध्यावर. पण इथली वस्ती पाड्यांची आहे. घरे शेताशेतांत विखुरलेली. गावठाण ८०० मीटरवर आणि पाडा २०० मीटरवर असे सहज घडते, आणि फक्त गावठाण धरले तर कागदावर सगळे नियमात बसते. माशांचा आणि वासाचा त्रास मात्र पाड्यालाच. म्हणून दोन वेगळी अंतरे काढतो: गावठाणाच्या कडेपर्यंतचे, आणि किमान पाच घरांच्या जवळच्या पुंजक्यापर्यंतचे. तक्रारीत दोन्ही नमूद करायची, कोणते कसे मोजले त्यासह.

१८ नोव्हेंबर

घरांच्या तारखा. पाड्यातले घर सहा-सात मीटरचे, कौलारू, सेंटिनेलवर दिसणे शक्य नाही. कागद लागतात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे आकारणीची नोंदवही, वीजजोडणीची तारीख, घरकुलाचा मंजुरी आदेश.

या तालुक्यात आणखी एक भक्कम कागद आहे, आणि त्याचा वापर फारसा होत नाही: वनहक्काचा पट्टा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन ताब्यात असल्याचे दाखवावे लागते. पट्टा मिळाला याचा अर्थ सरकारनेच ते मान्य केले आहे. पट्टा ताब्याचा पुरावा आहे, घराच्या बांधकामाचा नव्हे, हा फरक लिहून ठेवायचा. तरीही ‘शेड आधी होते, माणसे नंतर आली’ या युक्तिवादाला त्याहून सरळ उत्तर नाही.

२५ नोव्हेंबर

विधानसभेची निवडणूक आटोपली, तलाठी आणि ग्रामसेवक निवडणुकीच्या कामातून मोकळे झाले. माहिती अधिकाराचे अर्ज आज टपालात.

अर्ज लिहिताना पाळायचे: महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. नकलेला पानामागे २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस, पहिले अपील त्यानंतर ३० दिवसांत, दुसरे ९० दिवसांत.

ग्रामपंचायतीकडे: अमुक वर्षापासून पोल्ट्रीसाठी दिलेल्या नाहरकत दाखल्यांच्या नकला आणि संबंधित ग्रामसभेचे ठराव. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे: तालुक्यातील पोल्ट्री फार्मना दिलेले कन्सेंट, मंजूर पक्षीसंख्या, पाहणी अहवाल. ‘कारवाई का केली नाही’ असे विचारायचे नाही. कायद्याखाली अभिलेख मागता येतो, खुलासा नाही, आणि अशा प्रश्नामुळे अख्खा अर्ज निकाली निघतो. ‘कारवाईच्या नोंदींची नक्कल’ मागायची.

५ डिसेंबर

प्रत्यक्ष पाहणीचे नियम. फक्त सार्वजनिक रस्त्यावरून. फार्मच्या आत पाऊल नाही. मालकाने बोलावले म्हणून आत जावे लागलेच, तर त्या दिवशी दुसऱ्या फार्मजवळ जायचे नाही. बुटांचे तळवे आणि गाडीची चाके दोन फार्मच्या मध्ये जंतुनाशकाने धुवायची. आधी चिखल ब्रशने काढायचा, मातीखाली औषध पोचत नाही. रोग पसरवणारे आपणच ठरू नये, ही पहिली जबाबदारी.

रस्त्यावरून नोंदवायच्या गोष्टी: पिंजरे की जमिनीवर तूस, बाजूचे पडदे, सायलोंची संख्या, आवाराबाहेर वाहणारे पाणी, मेलेल्या कोंबड्यांचा खड्डा दिसतो का. अंड्याच्या शेडखाली, पिंजऱ्यांच्या रांगांच्या बरोबर खाली, विष्ठेचे शंकू साठत जातात. कोरड्या शंकूवर करडी खपली धरते, टोक उभे राहते, आणि माशा कमी असतात. पाण्याचे निपल गळत असले तर शंकू बसतो, कड काळी आणि चकचकीत होते, खालून ओघळ निघतो. त्या ओल्या कडेला पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात. उबदार हवेत अंड्यापासून माशी व्हायला सात ते दहा दिवस. म्हणजे एक गळकी पाइपलाइन दुरुस्त न होता पंधरवडा राहिली, की पाड्यातल्या चुलीपुढे बसलेल्या माणसाला एका हाताने माशा वारत जेवावे लागते. निपल बदलायला फारसा खर्च नाही, आणि म्हणूनच ही हेळसांड अक्षम्य आहे.

विहिरी: चित्रात पाच ते आठ मीटर व्यासाचे काळे वर्तुळ. १०० मीटरचा निकष पिण्याच्या पाण्याच्या विहिरीला आहे, त्यामुळे कोणती पिण्याची आणि कोणती फक्त शेतीची हे गावात विचारूनच ठरवायचे. पाण्यात नायट्रेट तपासायचे, बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. नमुना स्वच्छ बाटलीत, बर्फात, चोवीस तासांत प्रयोगशाळेत. एकट्या विहिरीच्या आकड्याला अर्थ नाही, युरिया आणि शोषखड्ड्यातूनही नायट्रेट येते. शेडच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या विहिरींची जोडी हवी, पावसाळ्याआधी आणि नंतर. खाली दख्खनचा काळा पाषाण आहे, पाणी भेगांतून चालते, तेव्हा उतार पाहून काढलेला अंदाज फक्त अंदाजच.

१८ डिसेंबर

छपरावरून पक्षी किती? ब्रॉयलरसाठी हिशेब बसतो. उघड्या शेडमध्ये पक्ष्याला १ ते १.२ चौरस फूट. ३०० × ३० फुटांच्या शेडमध्ये ९,००० चौरस फूट, म्हणजे ७,५०० ते ९,००० पक्षी. २५,००० पक्ष्यांना २५,००० ते ३०,००० चौरस फूट, सुमारे २,३२० ते २,७९० चौरस मीटर छप्पर लागते. त्याहून जास्त छप्पर असलेले आवार कन्सेंटशिवाय असेल तर विचारणा करण्याजोगे.

अंड्याच्या फार्मला हा हिशेब लावायचा नाही. पिंजऱ्यांचे थर किती हे वरून दिसत नाही. तिथे मंजूर पक्षीसंख्या कागदावरूनच. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण १०० ग्रॅम ओली विष्ठा टाकते. २५,००० पक्ष्यांमागे रोज अडीच टन. हे खत कुठे जाते, किती दिवस साठते, हा प्रश्न अंतराइतकाच मोठा.

एकाच आवारात चार शेड, चार वेगळे गट नंबर, प्रत्येकाची संख्या मर्यादेच्या थोडी खाली, असे दिसले तर शेड वेगवेगळी न मोजता सामाईक सायलो, सामाईक टाकी, सामाईक फाटक नकाशावर दाखवायचे. जागा एक आहे की चार, हे त्यावरून ठरते.

आणि जबाबदारी कोणाची? करारावरच्या ब्रॉयलरमध्ये पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे. शेड, मजुरी, वीजबिल शेतकऱ्याचे. तूस आणि मेलेल्या कोंबड्याही शेतकऱ्याच्या गळ्यात. नकाशावर शेड दिसते, कंपनी दिसत नाही. म्हणून तक्त्यात ‘पक्ष्यांचा मालक’ असा स्वतंत्र रकाना ठेवला आहे. तो रिकामा असताना तक्रार धाडायची नाही. एका कर्जबाजारी शेतकऱ्याला नोटीस लागून कंपनी नामानिराळी राहणार असेल तर या कामाचा हेतूच हरला.

२२ जानेवारी २०२५

उदगीरमधले कावळे बर्ड फ्लूनेच मेल्याचे निष्पन्न झाले आहे. नवापुरात काही आढळलेले नाही, तरीही प्रत्यक्ष पाहणी पूर्ण बंद. तोपर्यंत टेबलावरचे काम. पशुसंवर्धन विभागाला उपयोगी पडेल असा एक थर वेगळा काढून ठेवला: कोणत्याही शेडवर क्लिक केले की १ आणि १० किलोमीटरचे परीघ आणि आतली शेड, पाडे, शाळा, आठवडे बाजार. त्यात अंतराचा, कन्सेंटचा, नियमाचा उल्लेख नाही. रोगाच्या वेळी माहिती सांगणाऱ्या शेतकऱ्याला तीच माहिती आपल्यावर उलटेल अशी धास्ती असता कामा नये.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचा अनुभव याच संदर्भात उपयोगी. तिथे डुकरांच्या फार्मचे परवाने सार्वजनिक आहेत, पण कोरड्या लिटरवरच्या पोल्ट्रीला तसा परवाना लागत नाही, त्यामुळे यादीच नाही. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये हवाई चित्रांवर संगणकाला शेड ओळखायला शिकवले, तेव्हा हाताने केलेल्या आधीच्या मोजणीपेक्षा १५ टक्के जास्त पोल्ट्री सापडल्या. हाताने गिरवलेल्या नकाशातही शेड निसटतात, हे त्यातून घ्यायचे. आमच्या ‘शेड नाही’ या भागांचीही पुन्हा तपासणी लावली आहे: तालुक्यावर ५०० मीटरची जाळी, दर वीस चौकोनांतला एक दुसऱ्या व्यक्तीने कोऱ्या नजरेने पाहायचा.

१० फेब्रुवारी

माहिती अधिकारातली उत्तरे गट नंबरवर येतात, नकाशा अक्षांश-रेखांशावर. जोडणी हाताने. महाभूनकाशावर गट पाहायचा, त्याचा आकार आणि शेजार चित्राशी ताडायचा, आणि जोडणी फक्त खासगी तक्त्यात नोंदवायची. गटाचे पोटहिस्से झालेले असले तर जुना नंबर दाखल्यावर आणि नवा सातबाऱ्यावर असतो. फेरफार उतारा काढल्याशिवाय अशी जोडणी पक्की धरायची नाही.

२४ फेब्रुवारी

तक्रारीचा नमुना ठरला. एका आवारासाठी एक तक्रार, मुख्य पत्र दोन पानांच्या आत, पहिल्या परिच्छेदात फक्त मागणी: पाहणी करावी आणि पंचनाम्याची प्रत द्यावी. जोडपत्रे अशी. पहिले, १:५,००० प्रमाणातला नकाशा, खाली ‘© ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते’ ही परवान्याची ओळ. ती विसरली तर परवान्याचा भंग आपल्याच कागदावर. दुसरे, ‘नव्हते’ आणि ‘होते’ ही दोन चित्रे एकाच प्रमाणात, टिपल्याच्या तारखांसह. तिसरे, अंतरांचा तक्ता, प्रक्षेप आणि अनिश्चितता नमूद करून. चौथे, घरांच्या तारखांचे कागद, कुटुंबाच्या लेखी संमतीनेच. पाचवे, माहिती अधिकारातली उत्तरे, पाकिटासह, कारण पोचल्याची तारीख पाकिटावर असते.

मुदतीवर लक्ष. हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यातील कलम १४ खाली वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, पुरेसे कारण दाखवले तर आणखी ६० दिवस. नुकसानभरपाईसाठी कलम १५ खाली पाच वर्षे. २०२४ च्या पावसाळ्यानंतर उभी राहिलेली शेड म्हणूनच यादीत सर्वात वर घेतली आहेत. पुण्याच्या खंडपीठात जायची वेळ आली तर त्यांच्याच तारखा मुदतीत बसतात. बाकीच्यांसाठी मंडळाकडे तक्रार, त्याची पोच, आणि पोचेच्या तारखेपासून पाठपुरावा.

पुढचे काम: मार्चअखेर उच्छलच्या पट्टीतले ऑफसेट पुन्हा जुळवणे, विहिरींच्या जोड्यांचे पावसाळ्यापूर्वीचे नमुने मेच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि ‘पक्ष्यांचा मालक’ हा रकाना रिकामा असलेल्या आवारांसाठी खाद्याच्या पावत्यांवरून शोध.